डिझेल नावाचा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या भिवंडीत एक शब्द दिवसातून हजार वेळा तरी उच्चारला जात असेल. अंजूरफाट्यावर आणि मानकोली नाक्यावर गोदामांपुढे ओळीने थांबलेल्या ट्रकचे चालक तो उच्चारतात. वीज गेली की यंत्रमागाच्या कारखान्यातला जनरेटर चालू करणारा माणूस तो उच्चारतो. महागाईची चर्चा निघाली की घरातल्या बायकाही तो उच्चारतात. तो शब्द म्हणजे डिझेल. पण हे एका माणसाचे आडनाव आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? मला स्वतःला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, हे आधीच कबूल करते.

माझ्या मामाचे ट्रक दुरुस्तीचे गॅरेज आहे. मामा चौथीपर्यंत शिकला. पण इंजिनचा आवाज ऐकून आत काय बिघडले आहे ते तो सांगतो. मी त्याचा डबा घेऊन जाते. एके दिवशी तिथे एक तरुण मुलगा आपली वेगाने पळणारी, जमिनीला लागेल इतकी खुजी मोटार घेऊन आला होता. तिच्या पेट्रोल इंजिनला एक नव्हे, दोन टर्बो बसवून द्या, असा त्याचा आग्रह होता. मामाने त्याला खाली बसवून बराच वेळ समजावले. डिझेलचे इंजिन टर्बो सहज पचवते, पेट्रोलचे तसे पचवत नाही, असे काहीसे तो सांगत होता. मुलगा गेल्यावर मामा माझ्याकडे वळला आणि त्याने विचारले की तू कॉलेजात जातेस, तर या तेलाला डिझेल का म्हणतात ते सांग. मला सांगता आले नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे सर्वांची समजूत अशी की मला सगळे येते. त्या दिवशी मान खाली घालून मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. तिथे जे वाचायला मिळाले आणि पुढे वर्षभर जे शोधून वाचले, ते मित्रमैत्रिणींपुढे ठेवत आहे.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील थिओडोर हे पुस्तकबांधणी करणाऱ्या कारागिरांच्या घराण्यातले. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू बनवीत. घर आणि कारखाना जवळजवळ एकच होता. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या दारी पोहोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. आमच्या गल्लीतली मुले कांड्यांची पोती डोक्यावर घेऊन कारखान्यात पोहोचवतात, त्यातलाच हा प्रकार. फुरसत मिळाली की हा मुलगा पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन तासन् तास जुनी यंत्रे पाहत बसे.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मन लोकांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे खायची भ्रांत. बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईने जर्मनीतील औग्सबुर्ग या गावी नातेवाइकांकडे पाठवून दिले. तिथले काका गणिताचे शिक्षक होते. परक्या घरी राहणारे मूल एक तर कोमेजते, नाही तर लवकर मोठे होते. रुडॉल्फ मोठा झाला. चौदाव्या वर्षीच त्याने आपल्याला इंजिनियर व्हायचे आहे असे आईवडिलांना कळवले. तो वर्गात पहिला आला आणि १८७५ साली म्युनिकच्या तंत्रविद्यालयाची शिष्यवृत्ती त्याला मिळाली.

इथे एक गोष्ट मला फार आपली वाटली. आईवडिलांना त्याने आणखी शिकावे असे वाटत नव्हते. हात चालते झालेला मुलगा कामाला लागला तर घराला आधार होईल, हे त्यांचे साधे गणित. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. बारावीनंतर माझ्याही घरी हीच चर्चा झाली होती. रुडॉल्फने शिष्यवृत्ती स्वीकारली आणि तो म्युनिकला गेला.

म्युनिकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू भेटले. बर्फ तयार करणारे यंत्र बनवणारे हे थोर शास्त्रज्ञ. त्यांच्या व्याख्यानात रुडॉल्फने ऐकले की वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी शंभरात सहा ते दहा भागच कामाला येतात. बाकीचे नव्वद भाग धुराड्यातून आणि वाफेतून वाया जातात. हे वाक्य त्याच्या मनात रुतून बसले. ही उधळपट्टी थांबवणारे इंजिन आपण करायचे, हा ध्यास त्याने घेतला. अंतिम परीक्षेच्या वेळी, १८७९ साली, त्याला विषमज्वर झाला आणि परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंतचे दिवस त्याने स्वित्झर्लंडमधील विंटरथुर गावी सुल्झर यांच्या यंत्रकारखान्यात हाताने काम करण्यात घालवले. या गावाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आपल्याला पुन्हा तिथे यायचे आहे. १८८० साली तो परीक्षा उत्तम गुणांनी पास झाला.

पुढची दहा वर्षे डिझेल यांनी पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फयंत्रांचे काम पाहिले. १८८३ साली मार्था यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली. पोटासाठी बर्फ आणि मनात आग, असे ते जीवन होते. १८९० मध्ये ते बर्लिनला आले आणि १८९२ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर्षभराने ते मिळाले.

त्यांची कल्पना काय होती? सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. डिझेल यांनी ठरवले की सिलिंडरमध्ये प्रथम नुसती हवा घ्यायची आणि पिस्टनने ती इतकी दाबायची की तिच्यात इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटावे. ठिणगी नको, बाहेरची ज्योत नको. जितका दाब अधिक, तितका उष्णतेचा उपयोग अधिक.

पण हे इंजिन कोणासाठी? हे वाचले तेव्हा मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. वाफेचे इंजिन प्रचंड असे आणि ते चालवणे श्रीमंत कारखानदारालाच परवडे. त्यामुळे घरी बसून काम करणारे विणकर, सुतार, चामडेवाले देशोधडीला लागले होते. आपले इंजिन लहान असेल, स्वस्तात चालेल आणि छोट्या कारागिराच्या खोलीत मावेल, म्हणजे तो मोठ्या कारखान्यापुढे टिकेल, असे डिझेल यांचे स्वप्न होते. हातगाडी ढकलणारा मुलगा ते विसरला नव्हता.

औग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने आणि क्रुप या पोलाद कारखान्याने त्यांना साहाय्य केले. कागदावर आखलेला दाब प्रत्यक्षात साधणे अशक्य होते, म्हणून त्यांना तो बराच खाली आणावा लागला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या इंजिनात इंधन सोडले तेव्हा मोठा स्फोट झाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. इंजिन काही आपले आपण चालले नाही. पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते, एवढे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी दुसरा प्रयत्न झाला. इंजिन बाहेरच्या पट्ट्याने फिरवले जात होते. असे सांगतात की तिथल्या एका कामगाराच्या ध्यानात प्रथम आले की आता पट्टा इंजिनाला ओढत नाही, इंजिनच पट्ट्याला ओढते आहे. त्याने काही न बोलता डिझेल यांच्यापुढे डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवशी इंजिन जेमतेम एक मिनिट स्वतःच्या बळावर चालले. त्या एका मिनिटासाठी किती वर्षे गेली होती!

आणखी तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. इंधनाच्या उष्णतेपैकी २६.२ टक्के भाग कामाला येतो, असा निर्वाळा मिळाला. वाफेच्या इंजिनाचे सहा-दहा टक्के आठवले म्हणजे या आकड्याचे मोल कळेल.

या परीक्षेच्या थोडे आधी एक छोटी घटना घडली. चरित्रात तिला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही, पण माझ्या मामाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. इंजिन जितकी हवा घेईल तितकेच इंधन त्यात जळणार. मग हवा जबरदस्तीने जास्त कोंबली तर? डिझेल यांनी १८९६ साली यासाठी पेटंट घेतले आणि पिस्टनच्या खालच्या बाजूचाच पंप करून सिलिंडरमध्ये जादा हवा ढकलून पाहिली. ताकद वाढली, पण हवा ढकलण्यासाठी इंजिनलाच कष्ट पडत असल्याने इंधनाचा खर्चही वाढला. काटकसर हाच ज्यांचा धर्म, त्यांना हे कसे रुचावे? त्यांनी तो पंप काढून टाकला आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

आता डिझेल यांची कीर्ती जगभर पसरली. निरनिराळ्या देशांतील कारखान्यांनी हक्क विकत घेतले आणि १८९८ साली त्यांनी आपले हक्क ३५ लाख मार्कांना एका नव्या कंपनीकडे सोपवले. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या पॅरिसने बारा वर्षांच्या पोराला बाहेर घालवले, त्याच पॅरिसने त्याचा गौरव केला. त्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. ज्याच्या शेतात जे पिकते त्यावर त्याचे इंजिन चालावे, हा विचार त्यात होता.

पण बाहेरून दिसणाऱ्या वैभवाला आतून कीड लागली होती. घाईने बाजारात आणलेली सुरुवातीची इंजिने वारंवार बिघडत आणि गिऱ्हाइके ती परत करीत. ही कल्पना मुळात डिझेल यांची नव्हेच, असा दावा करणारे लोक कोर्टात गेले. कामाच्या ओझ्याने त्यांची प्रकृती खालावली आणि त्यांना रुग्णालयात राहावे लागले. डोकेदुखीने त्यांची पाठ कधी सोडली नाही. म्युनिकमध्ये त्यांनी राजवाड्यासारखे घर बांधले. जमिनींच्या व्यवहारात मात्र ते पार बुडाले. उष्णतेचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पैशाचा हिशेब ठेवता आला नाही.

त्याहून मोठे दुःख वेगळेच होते. १९०३ साली त्यांनी कामगारांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीचे कारखाने कसे काढावेत, यावर एक पुस्तक लिहिले. ते फारसे कोणी घेतले नाही. आणि त्यांचे इंजिन? इंधन आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी अवजड यंत्र जोडावे लागे. त्यामुळे ते कारागिराच्या खोलीत मावेना. ते गेले वीजघरांत, बोटींत आणि पाणबुड्यांत. १९१२ साली सेलांडिया नावाची डिझेल इंजिनांची आगबोट कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत जाऊन आली. जगाने टाळ्या वाजवल्या. पण ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, तो छोटा विणकर होता तिथेच राहिला.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी डिझेल बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. रात्री सोबत्यांबरोबर जेवण झाले. सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून दहाच्या सुमारास ते आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती आणि बिछान्यावर कोणी झोपलेच नव्हते. त्यांची टोपी आणि कोट मात्र डेकवर कठड्याजवळ नीट ठेवलेले सापडले. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत दिसले. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. निघण्यापूर्वी डिझेल यांनी पत्नीजवळ एक बॅग देऊन ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर तिच्यात २०,००० मार्क आणि घर कर्जात बुडाल्याचे कागद निघाले. हा घातपात होता, असे काहीजण म्हणतात. बहुतेकजण ती आत्महत्या मानतात. वय अवघे पंचावन्न.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. आता आपण पुन्हा विंटरथुरला जाऊ. ज्या १८७९ साली तरुण डिझेल त्या गावातील सुल्झर कारखान्यात राबत होते, त्याच वर्षी ११ जुलैला त्याच गावात आल्फ्रेड ब्यूखी याचा जन्म झाला. तोही पुढे इंजिनियर झाला. डिझेल यांनी हवा ढकलण्यासाठी इंजिनाचीच ताकद खर्च केली होती. ब्यूखीने निराळा विचार केला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात अजून कितीतरी जोर शिल्लक असतो. त्या धुराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा आत कोंबावी. म्हणजे जे फुकट जाते त्याच्याकडूनच काम करून घ्यायचे. यालाच आपण टर्बो म्हणतो. १९०५ साली त्याने पेटंट मिळवले, पण यश मिळायला वीस वर्षे लागली. १९२६ साली दोन जर्मन आगबोटींवर त्याची यंत्रे बसली आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. १९५९ मध्ये ब्यूखी वारला. डिझेल यांनी ज्या दारावरून परत पाऊल घेतले, ते दार त्याने उघडले, आणि किल्ली मिळाली ती वाया जाणाऱ्या धुरातच.

हे सारे मी मामाला गॅरेजमध्ये बसून सांगितले. मग मामाने मला त्या दोन टर्बोंचे गणित सांगितले. एक मोठा टर्बो बसवला तर त्याचे जड चक्र वेग घ्यायला वेळ लावते आणि गाडी दाबल्यावर क्षणभर मरगळते. दोन लहान बसवले तर ती चक्रे झटकन फिरू लागतात. दुभागलेल्या इंजिनाच्या प्रत्येक बाजूला एकेक देता येतो. कधी एक लहान आणि एक मोठा अशी जोडी लावतात, म्हणजे कमी वेगाला लहान आणि जास्त वेगाला मोठा उपयोगी पडतो. पण ही चक्रे मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. त्यांना सतत ताजे तेल लागते, म्हणूनच घाटातून आलेल्या ट्रकचे इंजिन जाणता चालक लगेच बंद करीत नाही. शिवाय दाबलेली हवा तापते आणि तिला थंड करावे लागते. डिझेलच्या इंजिनात दाबली जाते ती नुसती हवा, इंधन मागून येते, म्हणून ते टर्बोला घाबरत नाही. पेट्रोलच्या इंजिनात बहुधा हवेबरोबर इंधनही दाबले जाते, ते वेळेआधीच पेटते आणि इंजिन आतून ठोकू लागते. तेव्हा आधी मजबूत पिस्टन घाल, दाब कमी कर, इंधनाचा हिशेब नव्याने बांध, मगच दोन टर्बोंचे नाव काढ, असे मामाने त्या मुलाला सांगितले होते. नाही तर महिन्याभरात इंजिन भंगारात. इतका खर्च ऐकून तो मुलगा पुन्हा आला नाही. मामाचे त्यात नुकसानच झाले, पण त्याला पश्चात्ताप नव्हता.

चौथी शिकलेला मामा मला हे शिकवत होता आणि मी त्याला डिझेल शिकवत होते. त्या दुपारी आम्ही दोघेही विद्यार्थी होतो.

आता शेवटचे सांगते. माझे वडील यंत्रमाग चालवतात. डिझेल यांनी पाहिलेले छोट्या कारागिराचे स्वप्न पुढे त्यांच्या इंजिनाने नव्हे, विजेच्या छोट्या मोटारीने पुरे केले. मुंबईच्या मोठ्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीच्या लहान शेडमध्ये आले आणि एकेका मोटारीवर खटखट चालू लागले. त्यावर हजारो घरे जगली, अर्थात मालक थोडे झाले आणि कामगार पुष्कळ. त्या स्वप्नाचा तेवढा भाग अजून अपुराच आहे. पण वीज जाते आणि शेडमध्ये अंधार होतो, तेव्हा कोपऱ्यातला जनरेटर घरघरू लागतो आणि माग पुन्हा चालतात. उशिरा का होईना, डिझेल विणकराच्या दारी आलेच.

त्यांना हे पाहायला मिळाले नाही. मामाने सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि हात पुसता पुसता एवढेच विचारले की त्या माणसाच्या बायकोचे पुढे काय झाले. कर्जाच्या कागदांपाशी माझी गोष्ट संपत होती, म्हणून पुन्हा मला उत्तर देता आले नाही. पण या वेळी मान खाली गेली नाही. वाचनालय कुठे आहे, ते मला आता ठाऊक आहे.